डोळ्यांतून पाणी गळतें, तरी डोळे कोरडे

आमच्या मालवण किनाऱ्यावरील हवा बहुतेक बाराही महिने दमट. अशा मुलखांत कोणाचे डोळे कोरडे पडतात असें म्हटलें तर ऐकणारास हंसूंच येईल. मलाही तसेंच वाटत असे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां माझीं पुष्कळ वर्षें सातबारा व फेरफार यांचे कागद वाचण्यांत गेलीं, आणि शेवटचीं कांहीं वर्षें संगणकाच्या पडद्यासमोर. पेन्शन घेऊन घरच्या बागायतींत लक्ष घालूं लागलों, तों तिसरे प्रहरीं खारा वारा सुटला कीं डोळे चुरचुरत, वाळू गेल्यासारखे खुपत आणि पाण्याची धार लागे. डॉक्टरांनीं तपासून ‘तुमचे डोळे कोरडे आहेत’ असें सांगितलें, तेव्हां मी चकित झालों.

त्यांनीं केलेला उलगडा शेतकऱ्यास सहज पटण्यासारखा आहे. माडाच्या आळ्यांत कितीही पाणी घातलें, परंतु वर झावळ्यांचें व पाचोळ्याचें आच्छादन नसेल, तर तें उन्हावाऱ्यानें उडून जातें. डोळ्याचेंही तसेंच आहे. बुबुळावर अश्रूंचा पातळ थर असतो व त्यावर तेलाचा अतिशय बारीक थर आच्छादनाचें काम करितो. हें तेल पापण्यांच्या कडेंतील सूक्ष्म ग्रंथींतून येतें. वरच्या पापणींत त्या सुमारें २५ ते ४० व खालच्या पापणींत २० ते ३० असतात. मायबोम नामक जर्मन वैद्यानें १६६६ सालीं त्यांचें वर्णन केलें, म्हणून त्यांस त्याचेंच नांव मिळालें आहे. वाढत्या वयांत हें तेल पुष्कळदां घट्ट होऊन ग्रंथींचीं तोंडें बुजतात. मग अश्रू लवकर सुकतात, डोळा जळजळतो आणि त्या जळजळीमुळेंच पाणी वाहूं लागतें. तें आच्छादनावांचून आलेलें पाणी गालावर ओघळतें, उपयोगी पडत नाहीं.

यावर घरीं करावयाचे उपाय सोपे आहेत. स्वच्छ पंचा सोसवेल इतक्या गरम पाण्यांत पिळून, मनगटावर लावून पाहून, मिटलेल्या डोळ्यांवर पांच ते दहा मिनिटें ठेवावा व निवतांच पुन्हां भिजवावा. नंतर बोटानें वरची पापणी खालीं व खालची पापणी वर, कडेच्या दिशेनें हलकेच चोळावी. उकळून निवविलेल्या पाण्यांत कापूस भिजवून पापण्यांच्या कडा पुसाव्या. हें सकाळ-संध्याकाळ नेमानें करावें. गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात.

दुसरें, पापण्या लवविणें. एरव्हीं मिनिटास सुमारें १५ वेळां लवणाऱ्या पापण्या वाचतांना किंवा पडद्याकडे पाहतांना निम्म्याहूनही कमी लवतात. म्हणून दर वीस मिनिटांनीं वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावें व डोळे पुरते मिटून उघडावे. पंख्याचा झोत, चुलीचा व विडीचा धूर टाळावा. वाऱ्यांत जातांना बाजूंनीं झांकणारा चष्मा लावावा. कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांस विचारून घ्यावे.

डोळ्यांत तेल कमी म्हणून एरंडेल घालावें, असें कोणी सुचवील. तें ऐकूं नये. मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी, अंगावरचें दूध यांपैकीं कांहींही डोळ्यांत घालूं नये. त्याहून वाईट म्हणजे घरीं उरलेलें जुनें औषध. आमच्या वाडींतील एका खातेदाराच्या डोळ्यांत भात झोडतांना कुसळ गेलें. ‘कोरडेपणाच असेल’ असें समजून त्यानें दुसऱ्याचे उरलेले थेंब घातले. त्यांत स्टेरॉइड होतें. लाली उतरली, परंतु आंत बुरशी वाढली आणि बुबुळावर पांढरा डाग पडला. आज त्या डोळ्यास माणसाची आकृती तेवढी दिसते. त्यानें विचारलें असतें तर मीही कदाचित् तोच सल्ला दिला असता, ही गोष्ट मनास लागून राहिली आहे.

सबब एवढें ध्यानांत ठेवावें. डोळा ठणकणें, उजेड न सोसणें, नजर मंदावणें, पांढरा डाग दिसणें किंवा कुसळ-तूस गेल्यावर लाली येणें, यांपैकीं एकही लक्षण दिसल्यास शेक करीत न बसतां त्याच दिवशीं ओरोसच्या जिल्हा रुग्णालयांत किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जावें. लहान मुलाचे डोळे निस्तेज व कोरडे दिसून त्यास तिन्हीसांजेस दिसत नसेल, तर तो ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग असूं शकतो. तेथेंही विलंब करूं नये. झोडणीचें काम लांबलें तर चार मण भात भिजेल. डोळा मात्र पुन्हां पिकत नाहीं.