दीड फुटी शब्द

इंग्रजीत ‘सेस्क्विपेडॅलियन’ असे एक क्वचित भेटणारे विशेषण आहे. लांबलचक शब्द, किंवा असे शब्द वापरण्याची हौस असलेला माणूस, या दोहोंना ते लागते, बहुधा चेष्टेनेच.

मूळ लॅटिन शब्द ‘सेस्क्विपेडालिस’. त्याची फोड सोपी आहे. ‘सेमिस’ म्हणजे अर्धा आणि ‘क्वे’ म्हणजे ‘आणि’. दोन्ही मिळून ‘सेस्क्वि’, म्हणजे दीड. ‘पेस’ म्हणजे पाऊल. रोमन पाऊल सुमारे २९.६ सेंटिमीटरचे, म्हणून दीड पाऊल सुमारे ४४ सेंटिमीटर भरते.

शब्द मुळात मोजमापाचा. रोमन इमारतींतल्या दीड फूट बाजूच्या चौकोनी विटांना संशोधक आजही याच नावाने ओळखतात. इ. स. पू. ५५ मध्ये ज्यूलियस सीझरने ऱ्हाइन नदीवर लाकडी पूल उभारला. त्याच्या दीड फूट जाडीच्या खांबांसाठी त्याने हेच विशेषण योजले आहे.

हे माप भाषेला लावले ते कवी होरेसने. ‘आर्स पोएटिका’त तो टेलिफस आणि पेलेयस या शोकांतिकेतल्या राजांचे उदाहरण देतो. दोघांच्या वाट्याला दारिद्र्य आणि हद्दपारी आलेली. अशा माणसाला प्रेक्षकाच्या काळजाला हात घालायचा असेल, तर त्याने फुगीर भाषा आणि दीड फुटी शब्द टाकून द्यावेत, असे होरेस सांगतो. इंग्रजीने सतराव्या शतकात शब्द उचलला. त्यातली चेष्टा टिकली; दुःखाचा संदर्भ गळून गेला.

आपला ‘दीड’ संस्कृत ‘द्व्यर्ध’पासून प्राकृत ‘दिवड्ढ’च्या वाटेने आला. लॅटिनने एकात अर्धा मिळवला, आपण दुसरा अर्धाच मोजला, उत्तर एकच. थट्टाही त्या वरच्या अर्ध्याचीच झाली : तिकडे दीड फुटी शब्द, इकडे दीडशहाणा.

जुन्या शोकसभांचे ठराव मी बरेच वाचतो. ‘हृदयविदारक’, ‘अपरिमित’ हे शब्द पानोपानी येतात, पण माणूस डोळ्यांपुढे येत नाही. ‘ते येता-जाता सगळ्यांची विचारपूस करीत’ एवढे एखाद्याने लिहिले की तो येतो.

लांब शब्दाशी वैर नको. ‘किंकर्तव्यविमूढ’ नेमक्या जागी कामाचाच असतो. होरेसची अट बोलणारा दुःखात असतो त्या जागेपुरती आहे. या विशेषणाच्या अर्थाशेजारी तीही नोंदवून ठेवावी, एवढ्यासाठी हे टिपण.