कुंपणावरचा अडुळसा

अडुळशाला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. पानांचा वास उग्र आणि चव कडूजहर, म्हणून शेताच्या कुंपणाला हे झुडूप फार सोयीचं. थंडीत त्यावर पांढरी फुलं येतात. फुलाला दोन ओठ असतात आणि खालच्या ओठावर जांभळट-गुलाबी रेषा. मधमाशीला मधाची वाट दाखवणाऱ्या त्या खुणा आहेत. कोरांटी आणि कारवी ही अडुळशाच्याच कुळातली.

खोकला हटेना की पानं वाफवायची, रस पिळायचा आणि मधातून चाटवायचा, हा उपाय आपल्याकडे अनेक घरांत चालत आलाय. कच्च्या पानातून रस सहज सुटत नाही, वाफवल्यावर सुटतो. आयुर्वेदात अडुळसा म्हणजे वासा. वासावलेह आणि वासारिष्ट त्याचेच.

१८८८ साली डेव्हिड हूपर यांनी या पानांतून व्हॅसिसीन हे अल्कलॉइड वेगळं केलं. हूपर तेव्हा उटीला सिंकोनाच्या सरकारी मळ्यांसाठी रसायनतज्ज्ञ होते. आवळलेल्या श्वासनलिका व्हॅसिसीनमुळे सैल होतात. पुढे त्याच्या रेणूच्या धर्तीवर प्रयोगशाळेत ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि १९६०च्या दशकात ते बाजारात आलं. चिकट कफातले लांबलचक धागे ते तोडतं; कफ पातळ झाला की खोकल्याबरोबर सुटून येतो. शरीरात ब्रोमहेक्सिनचं ॲम्ब्रॉक्सॉल होतं, आणि तेही आज स्वतंत्र औषध म्हणून मिळतं. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर यांपैकी एक नाव असतं. त्या नावाची मुळं बांधावरच्या झुडपात आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. आता तर ॲम्ब्रॉक्सॉल पार्किन्सनच्या रुग्णांवर तपासलं जातंय, कारण पेशीतल्या एका मंदावलेल्या विकराला ते हात देतं असं दिसलंय.

पण पानातलं जे व्हॅसिसीन श्वासनलिका सैल करतं, तेच गर्भाशयाला आकुंचन आणतं. म्हणून गरोदर स्त्रीला अडुळशाचा रस, काढा किंवा अवलेह देऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं चाटण देऊ नये, कारण मधातून येणाऱ्या जिवाणूंचा त्याला धोका असतो. शिवाय पानातलं व्हॅसिसीन झाडागणिक, ऋतूगणिक बदलतं, त्यामुळे घरच्या रसात ते नेमकं किती उतरलं हे चवीवरून कळत नाही. खोकला दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळला किंवा थुंकीतून रक्त पडलं, तर रस बाजूला ठेवून आधी क्षयाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.