स्टार्टरच्या कार्डातील जळालेला भाग ओळखावा कसा?



वळवाच्या पावसात वीज कडाडली की निफाड-दिंडोरीकडच्या मळ्यांत ऑटो-स्टार्टरचे इलेक्ट्रॉनिक कार्ड जळण्याची भीती असते. नवे कार्ड येईतो उसाची पाळी चुकते. पण दर वेळी अख्खे कार्ड टाकावे लागत नाही, एवढेच आम्हांला सांगायचे आहे.

प्रथम मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती उतरल्याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी. मग कार्ड उजेडात धरावे. फुगलेला कपॅसिटर, तडकलेली चकती, करपलेला रेझिस्टर पुष्कळदा डोळ्यांनीच दिसतो. शेजारी छापलेले अक्षर व आकडा टिपून घ्यावा : आर म्हणजे रेझिस्टर, सी म्हणजे कपॅसिटर, डी म्हणजे डायोड.

रंगपट्टेच करपले तर? तीन फेजच्या कार्डावर पुष्कळदा तिन्ही फेजची जोडणी सारखीच असते. शेजारच्या फेजचा शाबूत रेझिस्टर पाहावा. पिवळा, जांभळा, लाल म्हणजे ४७०० ओहम. चकतीवर, म्हणजे व्हॅरिस्टरवर, ४७१ असेल तर ४७० व्होल्ट. ही चकती जादा दाब अंगावर घेऊन बाकीचे कार्ड वाचवते. ती काढून तसेच काम भागवू नये.

जळालेला भाग हा बहुधा गुन्हेगार नसतो, बळी असतो. अर्थिंग, सैल जोडणी व गेलेला फेज तपासल्याशिवाय नवा भाग बसवला, तर तोही जळेल. सोल्डरिंग जाणकाराकडूनच करून घ्यावे. मात्र टिपलेला कागद सोबत न्यावा. त्याचा वेळ वाचेल, आपली पाळी साधेल.