तयार बाहुली, पण चित्र कुणाचं? डिजिटल मानवाकृती कला कशी घडते आणि तिची मर्यादा कुठे आखायची?

स्क्रोल करताना मध्येच एखादं चित्र बोट थांबवतं. पावसात उभी असलेली नऊवारीतली बाई, ओल्या खांद्यावर दिव्याचा पिवळा उजेड, कपाळाला चिकटलेली एक बट. फोटो म्हणावा तर फार नेमका, पेंटिंग म्हणावं तर कातडी फार खरी. खाली कमेंटमध्ये तीन गट पडतात. एक म्हणतो, 'काय भारी काढलंय!' दुसरा म्हणतो, 'एआय आहे हे.' तिसरा 'असलं काय टाकता?' असं विचारून रिपोर्टचं बटण दाबतो.

अनेकदा हे चित्र हाताने काढलेलंही नसतं आणि एआयने बनवलेलंही नसतं. ते थ्रीडी मानवाकृती वापरून केलेलं रेंडर असतं. जगभरात कित्येक हौशी लोक नोकरी-अभ्यास सांभाळून रात्री हा उद्योग करतात. हा छंद नेमका काय आहे, त्यात मेहनत कुठे असते आणि कुठे थांबायचं असतं, ते समजून घेऊ.

हा प्रकार आला कुठून?

चित्रकलेच्या दुकानात सांधे हलणारी एक लाकडी बाहुली मिळते. हात-पाय हवे तसे वाकवायचे आणि तिच्याकडे बघून स्केच करायचं. लॅरी वाईनबर्ग या प्रोग्रामरला याच बाहुलीचा कॉम्प्युटरवरचा पर्याय हवा होता. त्यातून १९९५ मध्ये 'पोझर' हे सॉफ्टवेअर आलं. पुढे लोकांच्या लक्षात आलं, की बाहुली बघून चित्र काढण्याऐवजी बाहुलीचंच चित्र करता येतं.

आज या छंदात 'डॅझ स्टुडिओ' आणि 'ब्लेंडर' ही दोन नावं सतत ऐकू येतात. डॅझ स्टुडिओ फुकट मिळतं. कंपनी कमावते ती आकृत्या, कपडे, केस आणि सेट विकून. ब्लेंडर पूर्णपणे मुक्त आहे. २००२ मध्ये लोकांनी १ लाख युरो जमवून त्याचा कोड खुला करून घेतला. ते फुकट आहे म्हणून हलकं समजू नका. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा 'फ्लो' हा लॅटव्हियन सिनेमा ब्लेंडरमध्येच बनला होता.

बाहुली तयार मिळते, मग कलाकार करतो काय?

हा प्रश्न या छंदातल्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. उत्तर शोधायला पेणला जावं. तिथे गणपतीची मूर्ती साच्यातून निघते. एकाच साच्यातून कितीतरी मूर्ती येतात, तरी घरी नेताना माणूस मूर्तीचे डोळे बघून निवड करतो. त्या डोळ्यांची आखणी करणारा हात वेगळा असतो. थ्रीडी आकृतीचंही तसंच आहे. साचा सगळ्यांना सारखाच मिळतो, फरक पडतो तो पुढच्या टप्प्यांवर.

पहिला टप्पा आकृतीचा. ही आकृती म्हणजे हजारो लहान चौकोनांची जाळी असते. आत हाडांचा सांगाडा असतो, त्याला रिग म्हणतात. 'मॉर्फ' नावाचे स्लायडर सरकवले की नाक रुंद होतं, गाल बसतात, वय वाढतं. नवखा माणूस इथेच पहिली चूक करतो. तो सगळं सुंदर आणि सगळं सममित करून ठेवतो. खऱ्या चेहऱ्याची डावी आणि उजवी बाजू कधीच तंतोतंत सारखी नसते. आकृती माणसाच्या जवळ जाते, पण पूर्ण माणूस होत नाही, तेव्हा बघणाऱ्याला अस्वस्थ वाटतं. मासाहिरो मोरी या जपानी रोबोतज्ज्ञाने १९७० मध्ये या अनुभवावर लिहिलं होतं. आज त्याला 'अनकॅनी व्हॅली' म्हणतात.

दुसरा टप्पा पोझचा. माणूस उभा राहतो तेव्हा वजन बहुधा एका पायावर असतं. त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि खांदे उलट दिशेला कलतात. हे दिसलं नाही तर आकृती दुकानातल्या पुतळ्यासारखी दिसते. आपल्याकडच्या कलाकारांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळण घेणाऱ्या उभ्या आकृतीला 'त्रिभंग' म्हणतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तसाच उभा आहे.

तिसरा टप्पा कपड्यांचा. टी-शर्ट-जीन्स तयार मिळते आणि एका क्लिकवर अंगावर बसते. नऊवारी नेसवायची असेल तर घाम फुटतो. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, त्यात निऱ्या आणि काष्टा. कापडाचं सिम्युलेशन चालवलं की सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूवरचा ताण, वजन आणि घर्षण मोजत बसतं. एक घडी दुसऱ्या घडीतून आरपार गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे पदर नीट पडलेला दिसला, तर त्यामागे काही संध्याकाळी गेल्या आहेत असं समजायला हरकत नाही.

चौथा टप्पा प्रकाश आणि कॅमेऱ्याचा. इथे नियम फोटोग्राफीचेच चालतात. एक मुख्य दिवा, सावली हलकी करणारा दुसरा आणि केसांची कड उजळवणारा मागचा तिसरा, ही मांडणी स्टुडिओत चालते तशीच इथेही चालते. कॅमेरा फार जवळ नेला तर नाक मोठं दिसतं. म्हणून चेहऱ्यासाठी बरेच जण ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स निवडून थोडं लांब उभे राहतात.

कातडी खरी का दिसते?

अंधारात टॉर्चवर तळवा ठेवून बघा. बोटांच्या कडा लालसर दिसतात, कारण प्रकाश कातडीच्या आत शिरतो, पसरतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. कॉम्प्युटरवर हे गणित करणं बराच काळ खूप जड जात होतं. २००१ मध्ये हेन्रिक वान येन्सन आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी एक व्यवहार्य पद्धत मांडली आणि प्लास्टिकसारखी दिसणारी माणसं जिवंत वाटू लागली. आज घरच्या कॉम्प्युटरवरच्या रेंडर इंजिनातही ही सोय असते.

रेंडर म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब. किरण कुठे आपटला, कुठे वळला, कोणता रंग घेऊन आला, हे लाखो वेळा मोजलं जातं. सुरुवातीला चित्र दाणेदार दिसतं आणि हळूहळू निवळतं. पण हे दाणे निम्मे करायचे तर नमुने चौपट घ्यावे लागतात, म्हणजे वेळही साधारण चौपट. बरेच जण रात्री रेंडर लावून झोपतात ते याचमुळे.

मेमरीचाही प्रश्न असतोच. कातडीचा ४,०९६ बाय ४,०९६ पिक्सेलचा एक नकाशा पूर्ण उघडला की सुमारे ६४ एमबी जागा घेतो. चेहरा, धड, हात, पाय यांचे वेगवेगळे नकाशे, त्यात रंग, चमक, खडबडीतपणा यांचे आणखी वेगळे. दोन-तीन आकृत्या आणि एक वाडा उभा केला की साध्या ग्राफिक्स कार्डचा श्वास अडकतो. मग काम प्रोसेसरवर जातं आणि तासांचं गणित बिघडतं.

शेवटी 'क्रिटा' किंवा 'जिंप'सारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हात फिरवला जातो. सुटलेले केस काढायचे, सावली गडद करायची, कपडा कातडीत घुसला असेल तिथे दुरुस्ती करायची.

मग एआयपेक्षा हे वेगळं कसं?

एआयला वाक्य दिलं की चित्र मिळतं, पण दिवा नेमका कुठे आहे हे एआयलाही सांगता येत नाही. थ्रीडी दृश्यात दिवा चार इंच डावीकडे सरकवला तर तेवढंच बदलतं, बाकी सगळं जागच्या जागी राहतं. तेच पात्र, तोच चेहरा, तीच खोली घेऊन पन्नास चित्रांची कॉमिक करता येते. प्रत्येक निर्णयाला कुणीतरी जबाबदार असतं.

अडचण अशी, की बघणाऱ्याला हा फरक चित्रावरून कळेलच असं नाही. म्हणून अनेक हौशी कलाकार अंतिम चित्रासोबत राखाडी, बिनरंगी मॉडेल किंवा कामाच्या स्क्रीनचा फोटोही टाकतात. काहीजण रेंडरवर एआयचा हात फिरवतात. तसं केलं असेल तर ते सांगणं हाच प्रामाणिक मार्ग.

हे विकता येतं का?

इथे लायसन्स वाचावंच लागतं. डॅझच्या नेहमीच्या परवान्यात तयार झालेलं सपाट चित्र विकता येतं. पुस्तकाचं मुखपृष्ठ किंवा पोस्टर चालतं. मूळ थ्रीडी फाइल कुणाला देता येत नाही, मित्रालाही नाही. तीच आकृती गेममध्ये घालायची असेल तर वेगळा परवाना लागतो. ब्लेंडरमध्ये स्वतः घडवलेलं काम पूर्णपणे करणाऱ्याचं असतं. बाहेरून उतरवलेल्या मॉडेलला मात्र त्याच्या अटी लागू राहतात.

विवस्त्र आकृती केली तर गुन्हा होतो का?

शरीराचा अभ्यास हा कलाशिक्षणाचा जुना भाग आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या मॉडेलच्या आयुष्यावर रवी जाधव यांनी 'न्यूड' हा सिनेमा केला. तो २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फीतून वगळला गेला आणि २०१८ मध्ये थिएटरमध्ये आला. त्याआधी १९५४ मध्ये अकबर पदमसी यांच्यावर जहांगीर आर्ट गॅलरीत लावलेल्या 'लव्हर्स' चित्रांमुळे खटला झाला होता. त्यातून ते सुटले. सत्तर वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पदमसी आणि एफ. एन. सोझा यांच्या ७ कलाकृती पुन्हा मुंबईतच कोर्टासमोर आल्या. कस्टम्सने त्या अश्लील ठरवून अडवल्या होत्या. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, असं सांगत मुंबई उच्च न्यायालयाने त्या सोडायला लावल्या.

कायद्याची कसोटीही बदलली आहे. २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्राकडे संदर्भासह, संपूर्ण आणि आजच्या समाजाच्या मापाने बघायला सांगितलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये अश्लील साहित्य विकणं-पसरवणं गुन्हा आहे, पण कला आणि विद्येसाठी त्यात अपवाद ठेवला आहे. ऑनलाइन मजकुराला आयटी कायद्याचं कलम ६७ लागतं. तिथे पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे 'ही कला आहे' एवढं लिहिलं की झालं, असं नाही. अपवाद लागू पडतो की नाही, हे शेवटी कोर्ट ठरवतं.

ज्या दोन रेषा ओलांडायच्याच नाहीत

पहिली रेषा लहान मुलांची. 'ही तर कॉम्प्युटरची बाहुली, खरं मूल कुठे आहे?' हा युक्तिवाद भारतात चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोक्सो कायद्याच्या व्याख्येत खऱ्या मुलासारखी हुबेहूब दिसणारी कॉम्प्युटरनिर्मित प्रतिमाही येते आणि मूल असल्याचा भास देणारी घडवलेली प्रतिमाही. वयाचा स्लायडर खाली ओढून लैंगिक चित्र करणं ही कलेची सीमारेषा नाही, तो गंभीर गुन्हा आहे.

दुसरी रेषा खऱ्या व्यक्तीच्या चेहऱ्याची. इन्स्टाग्रामवरचे दोन फोटो घेऊन आकृतीवर तो चेहरा बसवणं आता सोपं झालं आहे. मेहनत कलाकाराने केली असेल, पण चेहरा त्याचा नाही. वर्गातल्या मुलीचा चेहरा असलेली विवस्त्र आकृती 'फक्त रेंडर' राहत नाही. कॉलेजच्या ग्रुपवर ती पोहोचते तेव्हा ते चित्र खरं की खोटं हे कुणी विचारत नाही आणि त्रास त्या मुलीला होतो. असं कुणाबाबत घडलं तर स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवावी, प्लॅटफॉर्मकडे तक्रार करावी आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करावी. महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारींसाठी तिथे वेगळी सोय आहे. प्रसिद्ध व्यक्तींच्या बाबतीतही कोर्टं कडक होत आहेत. अनिल कपूर यांना २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचं नाव, चेहरा आणि आवाज यांच्या परस्पर वापरापासून संरक्षण दिलं.

कायद्यात बसतं, तरी पोस्ट का उडते?

कारण प्लॅटफॉर्मचे नियम कायद्यापेक्षा अरुंद असतात. इन्स्टाग्रामने चित्र-शिल्पांच्या फोटोंमधली नग्नता चालवून घेतली, पण 'काही डिजिटल निर्मिती' नग्नतेच्या बंदीत धरली. थ्रीडी रेंडर नेमकं या दोन खणांच्या मधे पडतं. ते जितकं खरं दिसेल तितकं मशीनला फोटो वाटतं. कलाकाराचं यश हेच त्याच्या पोस्टच्या मुळावर येतं. म्हणून अनेक जण तयार काम वेगळ्या कला-साइटवर वयाची अट लावून ठेवतात आणि सोशल मीडियावर फक्त कापलेला भाग टाकतात.

सुरुवात करायची असेल तर?

महागडा कॉम्प्युटर आधी घेण्याची गरज नाही. ब्लेंडर उतरवा, एक साधी आकृती घ्या, एकच दिवा लावा आणि तो दिवा दहा ठिकाणी ठेवून दहा चित्रं करा. चेहऱ्यावर सावली कुठे पडते हे त्यातून जेवढं कळेल, तेवढं तयार कपड्यांचे दहा पॅक विकत घेऊन कळणार नाही. स्टेशनवर गाडीची वाट बघणारी माणसं कोणत्या पायावर वजन टाकतात, ते बघण्याची सवय लावा.

पोस्ट करण्याआधी तीन प्रश्न पुरेसे आहेत. आकृती निःसंशय प्रौढ दिसते का? चेहरा कुणा खऱ्या माणसाचा असेल तर त्याची परवानगी आहे का? आणि वापरलेल्या प्रत्येक मॉडेलचं लायसन्स वाचलंय का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर उरलेला वाद अभिरुचीचा आहे आणि तो कमेंटमध्ये खुशाल होऊ द्यावा.