बारा तासांचा पत्ता

संपादकांनी मला गोंदियाला धाडलं होतं ते धानगिरण्यांवर लिहायला. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा. मी पोचलो तेव्हा गिरणीच्या काट्यावर एक ट्रॅक्टर खोळंबला होता, कारण पावती निघत नव्हती. प्रिंटर चालू, कागद भरलेला, दिवा हिरवा. संगणक मात्र म्हणत होता, प्रिंटर सापडत नाही.

"लाइट जाऊन आली ना भाऊ, आता हा पाच-सहा घंटे असाच करते," मुनीमजी म्हणाले.

पाच-सहाच का? आणि मग आपोआप बरा कसा होतो? धान राहिलं बाजूला.

गिरणीमागेच मालकांचं घर, आणि दोन्हीकडे नेटवर्क एकच. घराच्या जिन्याखाली खिळ्याला टांगलेला एक जुना राउटर. त्याची देखभाल मालकांच्या धाकट्या मुलीकडे. ती पॉलिटेक्निकला शिकते. तिने राउटरमधलं मूळचं सॉफ्टवेअर काढून ओपनडब्ल्यूआरटी घातलं आहे.

"इथे दोन कामं चालतात," ती म्हणाली. पहिलं, पत्ते वाटण्याचं. फोन, टीव्ही, कॅमेरा, जो कोणी नेटवर्कवर येतो तो आपलं नाव सांगतो आणि पत्ता मागतो. राउटर त्याला १९२.१६८.१.२० असा काही आकडा देतो, पण कायमचा नाही, बारा तासांच्या कराराने. ह्याला म्हणतात डीएचसीपी. दुसरं काम डीएनएसचं: कोणी नाव विचारलं की आकडा सांगायचा. ह्या डब्यात दोन्ही कामं डीएनएसमास्क नावाचा एकच छोटा प्रोग्राम करतो. सायमन केली यांनी लिहिलेला हा प्रोग्राम जगभरच्या असंख्य घरगुती राउटरांत आहे. त्याची खुबी अशी की पत्ता देताना जे नाव नोंदलं जातं, तेच उत्तर देताना वाचलं जातं. प्रिंटरने "मी प्रिंटर" म्हटलं की घरभर 'प्रिंटर.लॅन' हे नाव चालू. वेगळं काही लिहावं लागत नाही.

बाहेरचं नाव विचारलं तर डबा तो प्रश्न वर पाठवतो आणि आलेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवतो. डीएनएसमास्कच्या मूळ मांडणीत दीडशे नावं. १९८३पूर्वी नावं विचारत वर जाण्याची ही उतरंडच नव्हती. इंटरनेटच्या पूर्वज अर्पानेटवरच्या सगळ्या संगणकांची नावं स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या एका फाइलमध्ये असत आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. पॉल मोकापेट्रिस यांनी त्या वर्षी ती यादी फोडली: ज्याची नावं त्याने सांभाळायची, वरच्याने फक्त खाली कोणाला विचारायचं ते सांगायचं. जिन्याखालचा डबा म्हणजे त्या उतरंडीचं अगदी खालचं मडकं.

तिने लॅपटॉपवर 'एनएसलुकअप प्रिंटर.लॅन' असं टाइप केलं. उत्तर आलं: असं नाव नाही. मग नुसता आकडा घालून प्रिंटरला हाक मारली. तो लगेच ओ देता झाला. यंत्र जागेवर, नाव तेवढं हरवलेलं.

का, ते तिने मला तारेवर बोट ठेवून दाखवलं. कराराची यादी राउटर तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो. कायमच्या चिपवर सतत लिहीत राहिलं तर ती झिजते. जिन्याखाली इन्व्हर्टर नाही, त्यामुळे लाइट गेली की यादी पुसली जाते. वायफायवरचे फोन तुटतात, पुन्हा जोडले जातात आणि नाव पुन्हा सांगतात. प्रिंटर मात्र गिरणीच्या ऑफिसात इन्व्हर्टरवर, तारेने स्विचला जोडलेला. राउटर मेला आणि परत जिवंत झाला, ह्याचा त्याला पत्ताच नाही. त्याच्या खिशात बारा तासांचा करार आहे आणि नियमाप्रमाणे अर्धी मुदत संपली की, म्हणजे सहा तासांनी, तो नूतनीकरणाला येतो. तेव्हाच त्याचं नाव पुन्हा यादीत चढतं. म्हणजे फार तर सहा तास; मुनीमजींचा हिशेब जवळपास बरोबर होता.

उपाय एका ओळीचा: आकडा आणि नाव कायमच्या यादीत लिहायचं. कॅमेऱ्याचं तिने लिहिलं होतं. हा प्रिंटर नवा, राहून गेला होता. ओळ लिहिली, पावती खरखरत बाहेर आली, ट्रॅक्टर हलला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण तेवढ्यात मालक फोन घेऊन आले: "कॅमेरा काहून उघडत नाही?"

तिने आधी संशय घेतला तो कॅमेऱ्याच्या नावातल्या शेवटच्या अक्षरांवर. 'लॅन' ही रूढी आहे, मान्यता नव्हे. घरासाठी २०१८मध्ये 'होम.आर्पा' राखून ठेवलं गेलं, २०२४मध्ये 'इंटर्नल'. 'लोकल'ची तऱ्हा निराळीच: तिथे यादी नसते, "प्रिंटर कोण?" अशी घरभर आरोळी जाते आणि ज्याचं नाव तो स्वतः ओ देतो. पण दोष तिथे नव्हता. मग फोनच्या ओळखीवर. हल्ली फोन दर नेटवर्कवर खोटा हार्डवेअर क्रमांक सांगतात, त्यामुळे यादीत एकच फोन दोनदा दिसू शकतो. तोही दोष नव्हता.

सापडलं ते फोनच्या सेटिंगमध्ये. जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून कोणीतरी 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये बाहेरच्या सर्व्हरचं नाव भरून दिलं होतं. आता हा फोन जिन्याखालच्या डब्याला काही विचारतच नव्हता. दहा पावलांवरच्या कॅमेऱ्याचं नाव तो घराबाहेरच्या परक्याला विचारत होता, आणि परका खरं तेच सांगत होता: असं नाव नाही.

"काढून टाकू?" तिने विचारलं.

"जाहिराती येतील?"

"येतील."

मालक विचारात पडले. हीच अडचण आता घरोघर येणार. घरातलं नाव ठाऊक फक्त घराला, आणि एकेक यंत्र घराला विचारणं सोडून देत आहे, तेही खाजगीपणाच्या रास्त कारणाने. डब्यात बिघाड नाही. त्याला कोणी विचारत नाही, एवढंच.

सेटिंग तसंच राहिलं. तिने मालकांच्या फोनवर कॅमेऱ्याचा आकडा जपून ठेवला. मुनीमजींनीही वही उघडली. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला जुन्या प्रिंटरचे तीन आकडे खोडलेले होते. त्याखाली त्यांनी चौथा लिहिला.

"हा तरी राहील ना?"

"राहील, काकाजी. मीही लिहून ठेवला आहे."