पहिले घर कोणास परवडते?

पहिले घर सामान्य माणसास परवडते काय, हा प्रश्न मुंबई-पुण्यात सदनिकांच्या भावावरून विचारला जातो. मुलचेऱ्यास तो निराळ्या रीतीने विचारावा लागतो. येथील गावांत घर बहुधा विकत घ्यावयाचे नसते, बांधावयाचे असते.

प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना २०१६ साली आली. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर, हे तिचे माप. २०२५ साली राज्य शासनाने तीत ५० हजारांची भर घालण्याचे ठरविले, हे योग्यच झाले. परंतु हा पैसा काम सरकेल तसा हप्त्यांनी मिळतो. सिमेंटवाला व गवंडी तोवर थांबत नाहीत. मग सावकाराचा उंबरठा गाठावा लागतो.

योजनेत ७० हजारांपर्यंतच्या कर्जाची सोय आहे खरी. पण तारण काय द्यावे? २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसांकडे जाते, विकता मात्र येत नाही. हा निर्बंध आदिवासींच्या रक्षणासाठी आहे आणि तो राहिलाच पाहिजे. तथापि, जी जमीन विकता येत नाही, ती बँकेच्या लेखी तारण ठरत नाही.

म्हणून आमचे शासनास सांगणे आहे : पहिला हप्ता वाढवा आणि या लहान कर्जास स्वतः हमी द्या. छप्पर चढले आणि कर्जापायी बैलजोडी गेली, तर ते घर परवडले असे आम्ही तरी म्हणणार नाही.