बियाण्याच्या पाकिटावरची अक्षरं

जून उजाडला की जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या कृषी सेवा केंद्रांत रंगीत पाकिटांच्या थप्प्या लागतात. कपाशी, मका, सोयाबीन, मिरची. शेतकरी वाणाचं नाव पाहतो, मग उगवणशक्ती, लॉट नंबर, वैधतेची तारीख. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि जालन्याचं नाव बियाण्यांशी कायमचं जोडलं गेलं. पुढे १९६६ चा बियाणे कायदा आला आणि लेबलावर काय असावं हेही ठरलं. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी चिठ्ठी, पायाभूत बियाण्याला पांढरी. हा मजकूर आणि हे रंग कुणीतरी संगणकावर बसवलेले असतात. दहावी झालेल्या मुला-मुलींना ग्राफिक्सचं काम समजावायचं, तर मी या पाकिटापासूनच सुरुवात करीन.

पडद्यावर रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून तयार होतो. कागदावर तो निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून उतरतो. म्हणून पडद्यावरचा झगझगीत हिरवा छपाईत मळकट होतो. फाइल आरजीबीतून सीएमवायकेत नेणं, कटिंगसाठी चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छपाईची जादा कड, सोडणं, फोटो ३०० डीपीआयचा आहे ना हे पाहणं, या गोष्टी सॉफ्टवेअरच्या बटणांइतक्याच शिकाव्या लागतात. त्या चुकल्या की अख्खा छापील माल रद्दीत जातो आणि भुर्दंड प्रेसवाल्याला बसतो.

शिकायचं कुठे? देशात आयटीआयचं प्रशिक्षण १९५० पासून चालत आलं आहे. संगणकाशी जवळचे त्यातले दोन ट्रेड म्हणजे ‘कोपा’, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट, आणि डेस्कटॉप पब्लिशिंग (डीटीपी) ऑपरेटर. दोन्ही एका वर्षाचे. मल्टिमीडिया अ‍ॅनिमेशनचाही ट्रेड आहे. प्रत्येक आयटीआयत प्रत्येक ट्रेड नसतो, म्हणून ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम भरण्याआधी जवळच्या संस्थांची यादी नीट पाहावी. २००१ मध्ये आलेल्या एमएस-सीआयटीने गावोगावच्या घरांत संगणक ओळखीचा केला, हे मोठंच काम झालं. पण तेवढ्यावर ‘पोराचा कॉम्प्युटर कोर्स झाला’ म्हणून थांबणारी घरं पाहिली की हळहळ वाटते. ती साक्षरता आहे, व्यवसाय अजून पुढे आहे. संगणक टायपिंगचं सरकारी प्रमाणपत्र लिपिकाच्या भरतीत उपयोगी पडतं, आणि डीटीपीच्या टेबलावर वेगवान बोटांना किंमत असतेच.

तरीही तालुक्याच्या गावात खरं भांडवल आहे ते मराठी अक्षराची जाण. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येकाची सांकेतिक मांडणी वेगळी. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की लग्नपत्रिकेतल्या आजोबांच्या नावाचं चिन्हांचं कडबोळं होतं. युनिकोडने हा गुंता सोडवला, पण छापखान्यांत पेजमेकर हे पानमांडणीचं जुनं सॉफ्टवेअर तळ ठोकून राहिलं. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, युनिकोड देवनागरीला निरुपयोगी. म्हणून जुनी फाइल युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरं तपासून देणाऱ्याला आजही काम मिळतं. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये हरवतात. र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने संगणकासाठी ‘मंगल’ घडवला, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ सर्वांना मोफत दिले. असे चांगले फॉन्ट हाताशी असताना फ्लेक्सवर ताणलेली, चेपलेली अक्षरं का दिसावीत? या प्रश्नाचं उत्तर प्रशिक्षणातच शोधायला हवं.

फ्लेक्स, पत्रिका, फोटो स्टुडिओ ही जवळची कामं. व्हिडिओ संपादन, वेबपेजची मांडणी, अ‍ॅपच्या पडद्यांची रचना ही पुढची. ती घरी बसूनही मिळू शकतात. महागडी सॉफ्टवेअरं चोरून वापरण्यापेक्षा इंकस्केप, गिंप, ब्लेंडर मोफत शिकता येतात. चित्रकलेचा हात असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा सोडू नयेत. बारावीनंतर सीईटी देऊन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयाची वाटही खुली असते.

आयटीआयचं वर्ष संपलं की १९६१ च्या कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी घ्यावी. विद्यावेतन मिळतं, आणि प्लेट, शाई, कटिंग डोळ्यांसमोर घडतं. ग्राफिक्स शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात आठवड्याला एक तास मराठी प्रूफवाचनाचा असावा, अशी माझी ठाम मागणी आहे. त्यासाठी नवा संगणक लागत नाही. गावातल्या एखाद्या निवृत्त मराठीच्या शिक्षकांना सन्मानाने बोलावलं तरी पुरेल.